घरच्या गोळ्या

पाली,
गुरुवार, १४ नोव्हेंबर १९८५

परशुराम,

आज भाऊबीज आहे, पण त्याचा या पत्राशी संबंध नाही. हेमाला जाऊन वर्ष व्हायचं आहे, तेव्हा यंदा घरात सण नाही. असता तरी तू आला नसतास. तेराव्यानंतर तिच्या चिमाला घेऊन गेलास त्याला आठ महिने झाले आणि तुझं एक अक्षर नाही. ही तक्रार नाही. वर्गात कोण गैरहजर आहे ते जसं मांडते, तसं मांडते आहे.

चिमाचं कार्ड परवा आलं. अक्षर बिघडलं आहे. वेलांट्या कशाही देते, मुंबईच्या शाळेत कोणी बघत नाही वाटतं. लिहिते, 'आत्या, माझा घसा सारखा धरतो. बाबा कारखान्यातली लाल-पिवळी गोळी देतात. आता मी न रडता गिळते.' खाली शाबासकीसाठी जागा सोडली आहे.

एवढ्यासाठीच लिहिते आहे. तिला त्या गोळ्या देऊ नकोस. टेट्रासायक्लिननं लहान मुलांचे दात पिवळे पडतात, हे तूच एकदा गणपतीत आला असताना सांगितलं होतंस. चिमा अकरा वर्षांची आहे, तिच्या मागच्या दाढा अजून यायच्या आहेत. उद्या हसताना ओठ मिटून घ्यायची वेळ तिच्यावर येऊ नये. मिठाच्या गुळण्या दे, ज्येष्ठमध चघळायला दे आणि घसा महिन्याला धरत असेल तर एखाद्या डॉक्टरला दाखव. तू औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहेस, डॉक्टर नाहीस. मीही नाही.

इकडे सगळं ठीक आहे. कलमांना पालवी फार आली आहे, म्हणजे मोहोर कमीच धरायचा. येसूबाई दोन्ही वेळा येऊन भांडी घासते, एका माणसाची भांडी ती किती असणार, पण येते. मी चौथीलाच शिकवते. हेमाची खोली झाडून घेते.

चिमाला मे महिन्यात इकडे पाठव असं लिहायचं मनात होतं. ते आत्ता लिहीत नाही. आधी गोळ्या बंद केल्याचं कळव.

अक्का


पाली,
गुरुवार, ५ डिसेंबर १९८५

परशुराम,

काल दुपारी तुला तार केली. 'चिमाच्या गोळ्या ताबडतोब बंद कर. रक्त तपासून घे. पत्र येतं आहे.' पोस्टमास्तरांनी दोनदा वाचून दाखवली आणि मग माझ्याकडे बघितलं. ते पत्र हे.

चिमाचं दुसरं कार्ड मंगळवारी आलं. तू तिला म्हणालास, अक्काला शाळेतलं काहीबाही वाचायची सवय आहे, दातांचं एवढं काय. ते मी मनावर घेत नाही. पण पुढे तिनं लिहिलं आहे, 'परत घसा आला म्हणून चार दिवस गोळ्या घेतल्या. मग पोटात फार दुखलं, पण ते चिक्कीनं असणार.'

ते वाचलं आणि काल शाळेत रजेची चिठ्ठी पाठवून पहिल्या गाडीनं रत्नागिरीला गेले. डॉक्टर करंबेळकरांकडे. पहिल्या खेपेला हेमाला आपण त्यांच्याच दवाखान्यात ठेवलं होतं, तुझ्या लक्षात असतील. उंच आहेत, बोलताना चष्मा काढतात.

दातांचं मी लिहिलं ते खोटं नव्हतं. पण ते दातांसाठी लिहिलं नव्हतं. आता नीट लिहिते. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तू दर गणपतीत त्या गोळ्या आणायचास. डब्यात घालून, सुट्या, वर कागद नाही की नाव नाही. बिस्किटांचा डबा, अत्तराची बाटली आणि कॅप्सूल, हा तुझा ठरलेला आहेर. मी त्या हॉर्लिक्सच्या बाटलीत भरून ठेवायचे. वाडीत कोणाला गळू झालं, कोणाला खोकला झाला की माणसं आपल्या पडवीत यायची. महिपतचा पाय चिघळला होता तो त्या गोळ्यांनीच बरा झाला. येसूबाईचा ताप त्यांनीच उतरला. लोक म्हणायचे, बाईंकडची गोळी सरकारी दवाखान्यातल्या गोळीपेक्षा भारी, कारण ती थेट कारखान्यातून येते. मलाही तसंच वाटायचं. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. बावीस वर्षं मुलांना पाढे शिकवले, पण त्यासाठी कोणी दोन हात जोडले नाहीत. गोळीसाठी जोडायचे.

गेल्या वर्षी गणपती झाले, तू परत गेलास आणि हेमाला खोकला धरला. मी बाटली काढली. तीन वेळा एकेक, तू सांगितल्याप्रमाणे. पाचव्या दिवशी तिच्या पोटात दुखायला लागलं. साधं नाही, वरच्या बाजूला, थेट पाठीत जाणारं. गुडघे पोटाशी घेऊन बसायची. उलट्या थांबेनात, तेव्हा रत्नागिरीला नेलं. करंबेळकरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, स्वादुपिंडाला सूज आहे. मी त्यांना विचारलं की हे असतं कुठे, कारण आमच्या चौथीच्या पुस्तकातल्या चित्रात जठर आहे, आतडी आहेत, हे नाही. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. जठराच्या मागे आडवं असतं, अन्न पचवायचा रस तयार करतं. सुजलं की तो रस बाहेर जायच्या ऐवजी त्यालाच पचवायला लागतो.

मग त्यांनी कारण शोधायला घेतलं. दारूचा प्रश्नच नव्हता. पित्ताशयात खडे असतील म्हणून फोटो काढला, ते नव्हते. गालगुंड झालं होतं का, पोटाला मार लागला होता का, सगळं विचारलं. आणि विचारलं, 'यांना काही औषधं चालू आहेत का? कसलीही गोळी?'

मी नाही म्हटलं.

तीन वेळा विचारलं त्यांनी. पहिल्या दिवशी, मग रक्ताचा आकडा आल्यावर आणि घरी सोडताना. तिन्ही वेळा मी नाही म्हटलं. हेमा शेजारीच होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तीही काही बोलली नाही.

का, ते तुला कळेल. त्याच उन्हाळ्यात तुमच्या कारखान्याच्या गेटवर एकाच्या डब्यात कॅप्सूल सापडल्या आणि त्याला तिथल्या तिथे घरी बसवला, हे तूच हसत सांगितलं होतंस. तुझं नाव सुपरवायझरसाठी वर गेलं होतं. आणि दवाखान्यात पलीकडच्या खाटेवर पालीचीच माणसं होती. गोळी म्हटली असती तर कुठली, कोणी दिली, चिठ्ठी कोणाची, हे आलंच असतं. मला वाटलं, गोळीनं माणसं बरी होतात, दुखत नाहीत. तेव्हा सांगितलं काय आणि न सांगितलं काय.

आठ दिवसांत हेमा बरी झाली. कारण सापडलं नाही. तेल-खोबरं बंद करून घरी आणली.

पुढचं तुला माहीत आहे. फेब्रुवारीत तिला काखेत गळू झालं, ताप आला, आणि मी परत तीच बाटली काढली. त्या दोन गोष्टी एकमेकींना जोडाव्यात असं माझ्या ध्यानात आलं नाही. परत तसंच दुखलं. रविवारी सकाळी गाडी करून रत्नागिरीला नेली, तिथून कोल्हापूरला पाठवली, आणि तू पोचलास तेव्हा ती ओळखण्याच्या पलीकडे होती. बुधवारी गेली. तू मला विचारलंस, कधीपासून दुखत होतं, आणि मी म्हटलं कालपासून. मग येसूबाईनं तुला सांगितलं की गुरुवारपासून दुखत होतं, तिनं मला म्हटलंही होतं, 'बाय, वयनीचा काय खरा दिसत नाय, गाडी बगा.' शुक्रवार-शनिवार माझ्या शाळेची तपासणी होती. तुझा राग त्या दोन दिवसांवर आहे. पाया न पडता निघालास तो त्यासाठीच. मी तो राग तसाच राहू दिला. तो सोयीचा होता. उशीर केला म्हणून रागावलेला भाऊ परवडतो.

आता कालचं. मी करंबेळकरांना म्हटलं, ओळखीच्या एका बाईंबद्दल विचारायचं आहे, नेहमीच्या अँटिबायोटिक गोळ्यांनी स्वादुपिंडाला काही होऊ शकतं का. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, 'बाई, तुमच्या भावजयीच्या वेळी मी तीनदा विचारलं होतं.'

मग मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे समजावून सांगायला लागले. ही औषधं लाखो माणसं घेतात आणि त्यांना काही होत नाही. पण एखाद्याच्या स्वादुपिंडाला त्यातल्या काहींनी सूज आल्याची उदाहरणं डॉक्टरांनी लिहून ठेवली आहेत. थोडी आहेत, पण आहेत, आणि टेट्रासायक्लिनचीही आहेत. कोणाला होईल, का होईल, हे नक्की कोणी सांगू शकत नाही. एकदाच झालं असतं तर योगायोग म्हणून सोडूनही दिलं असतं. मग म्हणाले, 'पण दोन्ही वेळा गोळी सुरू केल्यावर तसंच दुखलं. आता हा योगायोग म्हणायला मला जड जातं. पहिल्या वेळी कळलं असतं तर मी एकच गोष्ट लिहून दिली असती, की ही गोळी पुन्हा आयुष्यात घ्यायची नाही.'

मी चिमाचं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. आईचं मुलीत उतरतं का, हे त्यांनाही सांगता येईना. म्हणाले, बहुतेक चिक्कीच असेल. पण आपल्या पोरीवर हे तपासून बघायचं नसतं. गोळ्या बंद करायच्या, दुखत असेल तर लगेच रक्त तपासायचं आणि डॉक्टरला आईची सगळी हकीकत सांगायची. सगळी, हे त्यांनी दोनदा म्हटलं.

तेव्हा तू सांग. गोळ्या कुठून आल्या तेही सांग. डॉक्टर गेटवर जाऊन चुगली करत नाहीत, हे मला आता कळतं.

घरी आले आणि बाटलीतल्या गोळ्या परसात खड्डा खणून पुरल्या. संध्याकाळी वाडीतला भागोजी गळू दाखवायला आला. त्याला संपल्या म्हणून सांगितलं आणि डॉक्टरकडे जा म्हटलं. तो बराच वेळ पडवीत उभा राहिला. मी कुठेतरी लपवून ठेवल्या आहेत असं त्याला वाटलं.

मला रडू येत नाही, परशुराम. कोल्हापुरातही आलं नव्हतं. बायका बघत होत्या, तेव्हा पदर तोंडाला लावला एवढंच. जेवते, शाळेत जाते, पेपर तपासते. हात-पाय दुसऱ्या कोणाचे असावेत तसे चालतात. आज पहिल्यांदा भीती वाटते आहे, ती चिमाची. भीती वाटते, एवढं तरी कळलं.

उलट टपाली कळव. मला काय बोलायचं ते नंतर बोल. आधी मुलगी कशी आहे ते कळव.

अक्का


पाली,
मंगळवार, १० डिसेंबर १९८५

परशुराम,

पत्र नाही. तार नाही. आज शाळेतून येताना पोस्टात गेले होते. पोस्टमास्तर म्हणाले, आलं तर मी घरी पाठवून देईन, तुम्ही रोज हेलपाटा घालू नका.

एक ओळ लिही. नाहीतर चिमाला लिहू दे. चुका असल्या तरी चालतील.

अक्का


पाली,
रविवार, २२ डिसेंबर १९८५

परशुराम,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. तीन वेळा वाचलं. चिमाचं रक्त ठीक आलं, दुखणं दुसऱ्या दिवशी थांबलं, ते चिक्कीचंच होतं, आणि तिच्या डॉक्टरांनी कागदावर लाल शाईनं लिहून दिलं की ही गोळी तिला द्यायची नाही. वाचून मी पडवीत खाली बसले. येसूबाईला वाटलं मला चक्कर आली. तिनं पाणी आणलं, ते प्यायले.

बाकीचं पत्र मला अपेक्षित नव्हतं. तू माझ्यावर तुटून पडशील अशी मी तयारी ठेवली होती. तू लिहितोस, गोळ्या मी आणल्या, कागद काढून सुट्या मी आणल्या, तेव्हा चूक माझी. लिहितोस, अक्का, तू माझी नोकरी वाचवण्यासाठी खोटं बोललीस आणि मी तुझ्याच पाया न पडता निघालो. आणि चिमाला परीक्षा झाली की लगेच पाठवतो, महिनाभर राहू दे, तिची वेलांटी सुधारून दे. चिमानं खाली स्वतः लिहिलं आहे, 'आत्या, आईच्या खोलीत मी झोपणार.'

मला दुसरं काही नको होतं. हे पत्र मी ट्रंकेत जपून ठेवलं असतं आणि तुला लिहिलं असतं, ये, कधीही ये. काल दिवसभर हेच घोकत होते. आंब्याचे दिवस असतील, तिला आंबोळ्या आवडतात, हेमाच्या पलंगावरची गादी उन्हात घालावी लागेल. खोलीची कौलं काढून परत लावून घ्यायचं सखारामला सांगूनही ठेवलं.

पण तुझ्या पत्रात शेवटी एक वाक्य आहे. 'एवढंच समाधान आहे की हेमाला बिचारीला शेवटपर्यंत काही कळलं नाही, आणि तुलाही दोन गोष्टी जोडता आल्या नाहीत. कळून कोण देईल?'

मुलांच्या वहीत चुकीचं उत्तर दिसलं की मला त्याच्यावर बरोबरची खूण करता येत नाही. करून बघितली. काल रात्रीपर्यंत बघितली.

म्हणून उरलेलं लिहिते. हे वाचून तू चिमाला पाठवणार नाहीस, ते मला माहीत आहे. पाठवू नकोस असं मी म्हणत नाही, पाठव असं म्हणायचा हक्क माझा नाही. ती विचारेल तेव्हा काय सांगायचं ते तू ठरव. माझ्या नावावर खोटं मात्र सांगू नकोस, ते माझं भरपूर सांगून झालं आहे.

मागच्या पत्रात मी लिहिलं की माझ्या ध्यानात आलं नाही. ते खरं नाही. माझ्या ध्यानात आणून दिलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी हेमाच्या पोटात दुखायला लागलं. शुक्रवारी सकाळी मी तपासणीसाठी इस्त्रीचं पातळ नेसून तयार होते. साहेब दहाला यायचे होते, फळ्यावर सुविचार लिहायचा राहिला होता. मी पेजेचं भांडं आणि गोळी घेऊन तिच्याकडे गेले. ती हळूहळू उठून बसली. गोळी हातात घेतली, पण तोंडात घातली नाही. ती कधी उलट बोलायची नाही, तुला माहीत आहे. हेदवीहून आल्यापासून बारा वर्षं मी म्हणेन ते तिनं केलं.

म्हणाली, 'वन्सं, रागावू नका हो. मला वाटतं ह्या गोळीनंच दुखतंय. गणपतीनंतरही असंच झालं होतं. आपण डॉक्टरांना सांगूया का?'

मी ऐकलं. मला समजलं. त्या क्षणी डॉक्टरांचा तीनदा विचारलेला प्रश्न मला आठवला, हेही लिहून ठेवते. आणि मला राग आला. माझ्याच घरात, माझ्या गोळीला नाव ठेवलं म्हणून राग आला. सगळी वाडी ज्या गोळीसाठी हात जोडते ती हिला बाधते, असं कसं. आणि डॉक्टरांना आता सांगायचं म्हणजे आधी तीनदा खोटं बोलले तेही सांगायचं.

मी म्हटलं, 'तुझ्या नवऱ्याच्या हातची गोळी आहे ती. घरची आहे. घरच्या गोळीनं कोणाला काही होतं का?'

ती माझ्याकडे बघत राहिली. मला उशीर होत होता. मी तिच्या हातातून गोळी घेतली आणि तिच्या तोंडापाशी धरली.

शनिवारी संध्याकाळपर्यंत मी तिला गोळ्या दिल्या, परशुराम. तिनं परत काही विचारलं नाही. मी भांडं घेऊन आले की ती उठून बसायची आणि तोंड उघडायची.

अक्का